बर्फाचा हुंकार

१९ मार्च, बुधवार. सकाळी ५.२०

चौकीच्या मागे बर्फात खड्डा खणत होतो. खोली एक मीटर दहा. हवा उणे चार. वरचा थर उणे तीन, वीतभर खाली उणे एक, तळाशी शून्य. रात्रभर आभाळ मोकळं होतं म्हणून वर चांगली खपली धरली आहे. टाच मारली तर नुसता ओरखडा उठतो. पण खपलीखालचा बर्फ जाड साखरेसारखा, मुठीत धरला की बोटांमधून गळतो. तो मला आवडत नाही. वसंतात दर वर्षी हेच – पहाटे दगड, दहा वाजता चिखल.

मामाने काठावरून वाकून पाहिलं. म्हणाला, "मास्तर, थर मोजताय की त्यांची हजेरी घेताय?"

मला मास्तर म्हणतो कारण मी आठवीत शाळा सोडली आणि तरीही शुद्धलेखनाचं पुस्तक उशाशी ठेवतो.

उद्या गुरुवार. एक गुरुवार सोडून एक, डॉक्टरीणबाई आणि त्यांचा कंपाउंडर खिंडीपलीकडच्या गावात दवाखाना भरवायला जातात. गाडीरस्ता मे महिन्याशिवाय उघडत नाही. त्यांना पलीकडे पोचवायचं काम मामाचं, तीस वर्षं. जायचं की नाही ते तो ठरवतो. मी नोंदी ठेवतो आणि रोज सात वाजता वायरलेसवर खालच्या साहेबांना वाचून दाखवतो.

रजिस्टरमधला शेवटचा रकाना 'हुंकार'. तो छापील नाही, मामाने पट्टीने पाडलेला आहे. गोष्ट सांगताना ऐकणारा 'हं' म्हणतो, तसा बर्फ कधीकधी पायाखाली 'हुंम्' करतो. आतला कच्चा थर मोडतो आणि वरचं सगळं बोटभर खाली बसतं. सपाटीवर काही होत नाही. उतारावर झालं तर अख्खा उतार सुटू शकतो. मामाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं – तो हं म्हणाला की आपण नाही म्हणायचं, आणि आल्या पावली मागे फिरायचं.

आज हुंकार – नाही.


२० मार्च, गुरुवार

४.३० ला निघालो, ६.०५ ला खिंड, ७.४० ला पलीकडे. पाठीवरची खपली दगडासारखी. पाठ म्हणजे खिंडीखालचा मोठा उतार, पालथ्या झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखा. तिथे एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी कडेला थांबून बघायचं. मामा पुढे, मी शेवटी. कंपाउंडर लसींचा डबा पाठीवर घेऊन कण्हत होता, "माझी नेमणूक खाली झाली होती हो. लेखी आहे माझ्याकडे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग कागद खाली राहू दे. डबा वर येऊ दे."


२३ मार्च, रविवार

मामाने वायरलेसचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. साहेब खोलीत उभे राहून ओरडतायत असं वाटलं. मी कमी केला. त्याने परत वाढवला. "साहेब हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात," म्हणाला.

साहेबांचा आवाज रेड्यासारखा आहे.


२६ मार्च, बुधवार

काय लिहावं कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

चौकीमागच्या सपाटीवर मी आणि मामा चालत होतो, दोन पावलांचं अंतर. बर्फाने हुंकार दिला. स्पष्ट. सपाटी असली तरी त्या आवाजाला शरीर सरावत नाही. मी जागच्या जागी थांबलो. मामा चालत राहिला. सात-आठ पावलांवर मागे वळून म्हणाला, "काय, मुळं फुटली?"

परत आल्यावर त्याने नेहमीसारखं रजिस्टर सांगायला घेतलं. खपली तीन बोटं. वारा नाही. हुंकार नाही. मी पेन धरून बसलो.

"न ला काना, ह ला दुसरी वेलांटी," तो म्हणाला. "आज मास्तरांना मी शिकवायचं का?"

मी 'नाही' लिहिलं. शुद्धलेखन बरोबर आहे. बाकी खोटं आहे.


२७ मार्च, गुरुवार

मामाची परीक्षा घेतली. लाज वाटते, पण घेतली. तो बाहेर पाठमोरा बसून फावड्याला मेण चोळत होता, शेजारी बर्फात खुपसून बघायच्या सळया. आधी चमचा पाडला. लगेच वळला! जीव भांड्यात पडला. मग दहा पावलांवरून म्हटलं, "मामा, चहा गार होतोय." काही नाही. सहा पावलांवरून, "मामा, चौकीला आग लागली आहे." काही नाही. तीन पावलांवरून, अगदी नेहमीच्या आवाजात, "मामा, मी लग्न करतोय."

"हं," मामा म्हणाला. "आधी सळया पुसून ठेव."

त्याला माझी सावली दिसली होती.


२९ मार्च, शनिवार

मामी बटाटे सोलत होती. विचारलं, "मामी, मामाला कमी ऐकू येतं का गं?"

"त्याला? मी मनात म्हटलेलंसुद्धा ऐकू येतं. परवा कपाटात तोंड घालून म्हटलं, याचे हे मोजे आता जाळून टाकावेत. तर तिकडून म्हणतो, मोज्यांना हात लावू नकोस."

"माझं ऐकू येत नाही त्याला."

"तू पुटपुटतोस. तुझी आई पण अशीच पुटपुटायची. तिच्या लग्नात ती हो म्हणाली की नाही, हे अजून कुणाला माहीत नाही."

मामीचा आवाज काचेवर खिळा ओढल्यासारखा आहे. मला तो आवडतो, पण आहे तसा. म्हणजे चमचा ऐकू येतो, मामी ऐकू येते. मी येत नाही, साहेब येत नाहीत, बर्फ येत नाही. हे असं असतं का? की माझ्याच डोक्यातलं आहे? मी बंद कुलूपही तीनदा ओढून बघणारा माणूस.

साहेबांना सांगितलं तर मामाचं काम जाईल. नाही सांगितलं तर – ते वाक्य मला पुरं करायचं नाही. गुरुवारी डॉक्टरीणबाई येणार.


२ एप्रिल, बुधवार

दुपारी हवा अधिक सात. आभाळ भरून आलंय. रात्री गोठलं नाही तर –


३ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ५

आता क्रमाने लिहितो.

३.४५ – हवा अधिक एक. रात्रभर ढग, गोठलं नाही. खपली जेमतेम एक बोट, खाली ओली साखर. सळई नुसती टेकवली तर स्वतःच्या वजनाने आत गेली. मी मामाच्या समोर उभा राहिलो, तोंड उघडून म्हटलं, "आज नको." त्याने टाचेने दाबून पाहिलं. "धरतंय. सहाच्या आत पाठ ओलांडली की झालं. पलीकडे अकरा बाळं टोचून घ्यायला बसलीत." डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी खाली वाकून बूट बांधले.

५.३५ – पाठीची कड. छातीवरची शोधयंत्रं तपासली, चारही चालू. माणूस गाडला गेला तर ती दुसऱ्याच्या यंत्राला खुणावतात. ती चालू आहेत म्हटल्यावर मला बरं वाटायला हवं. कधी वाटत नाही. मामा म्हणाला, "मी पलीकडच्या खडकावरून हात वर केला की पुढचा. एका वेळी एक." आणि निघाला.

वीस पावलं गेला असेल. बर्फाने हुंकार दिला. मी आजवर ऐकलेला सगळ्यात मोठा, जमिनीखाली कुणी दार लावल्यासारखा. कंपाउंडर म्हणाला, "हे काय होतं?" माझ्या बुटांपासून वर डावीकडे दोऱ्याएवढी चीर धावत गेली. मामा चालत होता. मी हाक मारली. तीनदा. डॉक्टरीणबाईंनीही मारली. तो चालत होता, नेहमीसारखा, सावकाश, एक खांदा किंचित खाली.

मग मी पाठीवर गेलो. दुसरा माणूस. जे कधीही करायचं नाही ते केलं. त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवत, श्वास धरून गेलो. वीस पावलांना किती वेळ लागतो? मला माहीत नाही, घड्याळ बघितलं नाही. पहिल्यांदाच बघितलं नाही. त्याच्या पिशवीचा पट्टा धरला.

तो वळला. मला बघून त्याचा चेहरा असा झाला की मी तो लिहिणार नाही. "दोघं? पाठीवर दोघं? डोकं चौकीवर ठेवून आलास?"

मी बोट दाखवलं. त्याने चीर पाहिली. चिरेवरून माझ्याकडे पाहिलं. मग हाताने खूण केली – तू आधी. मी आधी परतलो, मग तो. उतार धरून राहिला. का धरून राहिला ते मला माहीत नाही.

७.१० ला सगळे चौकीवर. मामीने पाणी ठेवलं.

९.४० – उन्हाने पाठ पुरी उजळल्यावर ती सुटली. वरपासून खालपर्यंत. तो आवाज दोन मैलांवरून येऊन खिडकीच्या काचा हलवतो. मामी, डॉक्टरीणबाई, कंपाउंडर, मी – सगळे खिडकीकडे धावलो. पांढरी धूळ आमच्या रोजच्या वाटेवरून खाली जात होती. कंपाउंडर म्हणाला, "मी लेखी देतो, मी परत कधी कण्हणार नाही."

मग मामीने मागे पाहिलं, म्हणून आम्हीही पाहिलं. मामा आमच्याकडे पाठ करून टेबलाशी बसला होता. चहात साखर ढवळत होता.

"अरे देवा," मामी म्हणाली. एवढंच. पण ते मामाने ऐकलं. "काय झालं?" म्हणाला.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून त्याचे कान पाहिले. एक धातूचा चिमटा वाजवून कपाळावर, कानामागे टेकवला. म्हणाल्या, "बऱ्याच जणांचे आधी बारीक आवाज जातात. यांचे जाड आवाज चाललेत. गडगड, घुमणं, पुरुषांचं बोलणं."

"थंडीने बसलेत," मामा म्हणाला. "रस्त्यासारखे मेमध्ये उघडतील."

"हे आपोआप उघडणार नाहीत. मोठ्या दवाखान्यात दाखवा, छोटं यंत्र मिळेल. साहेबांना तुम्ही कळवता की मी कळवू?"

"हं," मामा म्हणाला.

त्याला प्रश्न ऐकू आला होता की नाही, आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

मामी चुलीशी उभी राहून म्हणाली, "म्हणजे बत्तीस वर्षांनी माझंच तेवढं ऐकू येणार त्याला." आणि पदराने नाक पुसलं.


४ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरीणबाई खाली उतरल्या. जाताना मला म्हणाल्या, "दोन दिवस थांबते. मग मला कळवावं लागेल."

सात वाजता वायरलेस. मामा शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर कप. मी काल रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, "हुंकार – आला. पाठीवर दुसरा माणूस गेला, ही माझी चूक." दोन्ही खरं आहे. वाचून दाखवलं.

साहेब म्हणाले, "दुसरा माणूस का गेला?"

मी मामाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी काहीही बोललो असतो तरी त्याला कळलं नसतं. दोन फुटांवर बसून मला त्याच्या माघारी बोलता आलं असतं.

"उद्या सांगतो, साहेब. नीट लिहून सांगतो."

मामाने विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही."

हे माझं दुसरं खोटं 'नाही'.


५ एप्रिल, शनिवार

सकाळी साहेबांना म्हटलं, आजचा दिवस द्या. त्यांनी दिला.

तीन कागद फाडले. चौथ्यावर हे उतरलं : "३ एप्रिल. हुंकार आला. वाटाड्याला तो ऐकू आला नाही. हाकाही ऐकू आल्या नाहीत. म्हणून नोंद ठेवणारा पाठीवर गेला. २६ मार्चला सपाटीवर हुंकार आला होता. रजिस्टरमध्ये 'नाही' आहे ते खोटं आहे. लिहिणारा मीच."

मी आठवीत असताना आई गेली. तेव्हा मामा खाली आला होता. खोलीभर माणसं रडत होती, त्याने कोपऱ्यातलं माझं दप्तर उचलून खांद्याला लावलं आणि म्हणाला, "चल." वाटेत दर वळणावर मागे वळून बघत होता. त्या माणसाच्या पुढ्यात हा कागद ठेवायचा होता.

ठेवला. वर त्याचा चष्मा ठेवला.

तो शब्दाखाली बोट धरून वाचतो. फार वेळ लागला. मामी भांडी न वाजवता उभी होती. शेवटी म्हणाला, "'वाटाड्याला' कशाला? 'मामाला' लिही."

"रजिस्टरमध्ये मामा लिहीत नाहीत."

"का? चुकीचं आहे?"

"चुकीचं नाही. तसं लिहीत नाहीत."

"बरं." चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुन्हा घातला. "उद्या वायरलेसवर वाचशील तेव्हा मी शेजारी बसेन. तू तोंड माझ्याकडे करून वाच."

"मामा, तू नको म्हणालास तर –"

"तू परवा माझ्यामागे पाठीवर आलास," तो म्हणाला. "उतार सुटला असता तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?" मग उठला आणि बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागला. फोडलेलीच लाकडं परत फोडत होता.


६ एप्रिल, रविवार

वाचलं. तोंड मामाकडे करून. त्याने माझ्या ओठांवरून डोळे हलवले नाहीत. मीही कुठे अडखळलो नाही.

साहेब म्हणाले, "कान दाखवून घ्या. तोपर्यंत त्याने पुढे चालायचं नाही. तू दोन वर्षांपूर्वी बर्फाचा दहा दिवसांचा वर्ग केला होतास ना?"

"हो, साहेब."

"मग सतराला तू पुढे. तो मागे. जायचं की नाही ते तू ठरवायचं. जमेल?"

मामाने कोपराने ढोसलं. "काय म्हणाले?"

"मी पुढे. तू मागे."

"मग जमेल म्हण की. साहेबांचा वेळ काय फुकट आहे?"

"जमेल," म्हटलं.

दिवसभर मामा पायरीवर बसून सळयांची लांबी मोजत होता. त्या सगळ्या सारख्याच आहेत.


८ एप्रिल, मंगळवार

मामीने त्याला आज तीनदा 'अहो' म्हटलं. एरवी वर्षातून एकदा म्हणते. तो म्हणाला, "हिला कुणीतरी सांगा, कान गेलेत, मी नाही गेलो."


१२ एप्रिल, शनिवार

मामा मोठ्या दवाखान्यात जाऊन आला. कानातलं यंत्र महिन्याने मिळणार. त्याने बर्फाचा आवाज ऐकू येईल का, असं तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कसला आवाज?" मामाने करून दाखवला. म्हणे बाहेर बसलेले दोन पेशंट उठून बघायला आले.

उत्तर मात्र मिळालं नाही.


१४ एप्रिल, सोमवार

मामा मला पाठीची कड रोज दाखवतो. आता तो बोलतो आणि मी ऐकतो, त्यात त्याला काही अडचण नाही. "इथे खडकाजवळ बर्फ पातळ असतो, तिथून पहिला मोडतो. उन्हाने वरून लाडूएवढे गोळे घरंगळायला लागले की घड्याळ बघू नकोस, फिर. घोट्यापर्यंत पाय गेला तर विचार कर. गुडघ्यापर्यंत गेला तर विचार करायची वेळ गेली." मी सगळं लिहून घेतलं. "आणि लोक तोंड वाकडं करतील," म्हणाला. "डॉक्टरीणबाईसुद्धा. त्यांना बघू दे वाकडं."


१६ एप्रिल, बुधवार

हवा उणे दोन. खपली दोन बोटं. उद्या मी पुढे. बूट तीनदा बांधले आणि सोडले.


१७ एप्रिल, गुरुवार

पाठीच्या अलीकडे, ५.५० ला, हुंकार आला. मी हात वर करून थांबलो आणि मागे वळलो. मामा शेवटी होता, तीस पावलांवर. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझा हात वर जायच्या आधीच थांबला होता आणि स्वतःच्या पायांकडे बघत होता.

सगळे सुखरूप परत आलो. चौकीच्या पायरीवर त्याच्यासमोर बसून विचारलं, "तुला ऐकू आलं?"

"नाही. पायांना कळलं." तो बुटाची गाठ सोडत होता. ती सुटेना. "त्या दिवशीही कळलं होतं, मास्तर. पाय म्हणाले थांब. कान म्हणाले काही नाही. मी कानांचं ऐकलं."